झाडायला जपानला?

श्रावणातल्या एका सोमवारची संध्याकाळ. वैजनाथाच्या पायऱ्यांवरची गर्दी ओसरत होती आणि मी चपला शोधत होतो, तेवढ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील समोर येऊन उभे राहिले. दोन एकर कोरडवाहू रानाचा हा धनी. त्यातले एक एकर विकावे की नाही, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचे होते.

"गुरुजी, लेकरू जपानला जातो म्हणतंय. एक वरीस. तिथंच ऱ्हायचं, ज्युदो शिकायचा, अन् वर त्यांची जागा झाडायची. झाडायला जपानला जायाचं? आपल्याकडं झाडू न्हाई का?"

मला हसू आले. ते हसले नाहीत.

मुलगा गुणी आहे. आधी तालमीत घुमला, मग शालेय स्पर्धांमुळे ज्युदोकडे वळला आणि विभागापर्यंत जाऊन आला. आता जपानमधल्या एका शाळेत शिष्य म्हणून राहण्याची त्याची सोय होऊ शकते. प्रवास आणि वर्षाचा खर्च मात्र आपला. चार दिवसांनी सांगतो, असे म्हणून मी त्या दिवशी सुटका करून घेतली.

ज्युदो हा काही फार प्राचीन खेळ नव्हे. जुजुत्सूच्या जुन्या घराण्यांत शिकलेल्या जिगोरो कानो या तरुणाने १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात, बारा चटयांच्या जागेत आपली शाळा मांडली, तिथून त्याचा आरंभ. पुढे हे कानो शिक्षक घडविणाऱ्या विद्यालयाचे प्रमुख होते. पेशाने मास्तरच! हे वाचल्यापासून मला त्यांच्याविषयी उगीचच आपलेपणा वाटतो.

पण झाडूचा प्रश्न राहतोच. आमच्या तालमीतही पोरे माती उकरतात, तिच्यात ताक, तेल, हळद मिसळतात. मग परदेशी झाडण्यात अधिक ते काय? मला वाटते, परळीत हा मुलगा झाडू घेतो तेव्हा बघणारे म्हणतात, "बघा, एवढा पैलवान असून झाडतोय!" इथे त्याच्या नम्रतेचीसुद्धा वाहवा होते. तिथे त्याला कोणी ओळखणार नाही, भाषा कळणार नाही, आणि विभागापर्यंतचे नाव दाराशी चपलांबरोबर काढून ठेवावे लागेल. एक एकर देऊन विकत घ्यायचे ते हे, वर्षभराचे अनोळखीपण. मला ते महाग वाटत नाही. अर्थात, रान माझे नाही.

शिवाय अनोळखीपणाने माणूस पालटतोच, असे तरी कुठे आहे? ऑयगेन हेरिगेल हा तत्त्वज्ञानाचा जर्मन अध्यापक १९२४ साली सेंदाई येथे शिकवायला गेला आणि १९२९ पर्यंत तिथे राहिला. आवा केन्झो या आचार्यांपाशी तो धनुर्विद्या शिकला. बाण आपण सोडायचा नाही, तो सुटला पाहिजे. इतका आपला मीपणा विरायला हवा, हा धडा त्याने पुढे पुस्तकात मांडला आणि ते जगभर वाचले गेले. हाच माणूस १९३७ साली हिटलरच्या पक्षाचा सभासद झाला. हे मला प्रथम कळले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. धनुष्यापाशी विरलेला तो मीपणा मधल्या काळात कुठे दबा धरून बसला होता?

म्हणजे जपान मुलाला काय देईल याची हमी मला त्या बापाला देता येत नाही. आणि माझा सल्ला तरी कितपत निर्मळ आहे? मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. लातूरला शिकायला ठेवायचे तर बैलजोडी मोडावी लागली असती. वडिलांनी ती मोडली नाही. तेव्हापासून कोणाला 'जा' म्हणताना माझ्यातला तो सोळा वर्षांचा मुलगा बोलतो, आणि 'नको' म्हणताना त्याच मुलाचा हेवा बोलतो. यांत मास्तराचा आवाज कोणता, हे मला ओळखता येत नाही.

अशा वेळी खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मातीतला मल्ल १९४८ साली लंडनला गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. त्याच वजनगटात सुवर्णपदक मिळाले ते जपानच्या शोहाची इशी यांना, आणि ते मूळचे ज्युदोचे! एक मातीतला, एक चटईवरचा. दोघे तिसऱ्याच देशात, तिसऱ्याच नियमांनी भिडले.

शाळेत ही गोष्ट मी दरवर्षी सांगतो, पदकासाठी. यंदा सांगताना मात्र मला सारखे त्या घराचे कागद दिसत होते. ते गहाण गेले तेव्हा पदक कुठेच नव्हते. सहावा क्रमांक तेवढा होता. खाशाबा पुन्हा सहावे आले असते, तर आम्ही मास्तर खर्डेकरांना काय म्हटले असते? खर्डेकरांचे 'जा' सात हजारांचे होते. माझे फुकटचे, आणि रान जाणार ते दुसऱ्याचे.

चार दिवसांनी मी त्या गृहस्थांना एवढेच सांगितले, "दिवाळीपर्यंत रान विकू नका." त्यांनी कारण विचारले नाही. मग पतसंस्थेतून कर्जाचा अर्ज घेऊन आलो. नाव, हुद्दा, पगार भरून झाले. रकमेच्या रकान्यापाशी हात थांबतो. माझी मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे. "हा कसला कागद?" असे घरातून दोनदा विचारून झाले आहे.

परवा तो मुलगा सहज म्हणून घरी येऊन गेला. अर्ज टेबलावरच होता. मी त्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवला.