तारखांमधला ऊस

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. सातारा-सांगलीसह सहा जिल्ह्यांतील वकिलांनी ही मागणी चाळीस वर्षांहून अधिक काळ लावून धरली होती. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबई गाठायची आणि प्रकरण बोर्डावर पोहोचलेच नाही म्हणून तसेच माघारी यायचे, हा त्रास सरला. त्याचे मोल कमी नाही. पण दिवाणी दाव्याचे आयुष्य उच्च न्यायालयात फारसे जात नाही. ते विटा, तासगाव, दहिवडी, पाटण इथल्या कोर्टांत जाते. तिथली तारीख कोल्हापूर जवळ आल्याने जवळ येत नाही.

वाटपाचा दावा घ्या. भावकीतल्या एका विधवेने हिस्सा मागितला. प्रतिवादी दहा-बारा, त्यातला एक मुंबईला, एक सुरतेला. समन्स बजावण्यातच वर्ष जाते. कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावी असे दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते. पण ही मुदत अगदी बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवले. तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत हा नियमही कागदावर आहेच. मध्येच कुणी वारले की ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर घ्यायचे. राहिले तर विलंब माफीचा अर्ज, त्यावर म्हणणे, त्यावर पुन्हा तारीख.

एवढ्यातून निकाल लागला तरी हाती येतो तो प्राथमिक हुकूमनामा. हिस्सा किती ते ठरले, बांध कुठे ते नाही. शेतसाऱ्याच्या जमिनीचे वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख कार्यालयातली मोजणी. आणि मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रलंबित दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये आढावा घेतला तेव्हा देशभरात ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून होत्या. त्यांतल्या ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात, म्हणजे देशात सर्वाधिक. हे सारे लोक दावा जिंकलेले आहेत.

न्यायाधीश कमी, हे कारण खरे आहे. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने १९८७ मध्येच सांगितले होते. आज त्याच्या निम्मेही नाहीत. तरी मला दुसरी गोष्ट जास्त बोचते. उशीर दोन्ही बाजूंना सारखा नसतो. ज्याची वहिवाट आहे त्याच्या नावावर ऊस जातो, बिल त्याच्याच खात्यात जमा होते. मुदतीचा प्रत्येक अर्ज त्याला आणखी एक हंगाम मिळवून देतो. कृष्णाकाठच्या बागायती रानात तो हंगाम काही लाखांचा असू शकतो आणि तहकुबीचा खर्च बसतो काही शे रुपये. असा हिशेब असताना कोण लवकर साक्षीला उभा राहील?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपण सहज म्हणून जातो. मला ही म्हण अन्यायाची वाटते. ती हिस्सा दाबणाऱ्याला काहीच विचारत नाही, मागणारीलाच वेडी ठरवते. गावकी तिच्या बाजूची नाही, भाऊबंद तर प्रतिवादीच आहेत; तिने आणखी कुठली पायरी चढायची?

कायद्यात उपाय आहेत. रिसीव्हर नेमता येतो, मधल्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब मागता येतो, उशीर करणाऱ्यावर खर्च बसवता येतो. हे अधिकार पहिल्या वर्षीच वापरले जावेत. हिस्सा वादात आहे तोवर त्या हिश्श्याचे ऊसबिल कोर्टात जमा व्हावे. तसे झाले तर मुदतीचे निम्मे अर्ज येणारच नाहीत, असे मला मनापासून वाटते. बेंचसाठी सहा जिल्ह्यांचे वकील एकत्र उभे राहिले. आता त्यांनी तालुक्याच्या कोर्टात वाटपाच्या दाव्याबरोबर पहिल्याच तारखेला ऊसबिल कोर्टात जमा करण्याचा अर्जही द्यावा.