न मागणाऱ्याचं पाणी

रोपवाटिकेत अडेनियम विकत घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं. "बिनधास्त न्या. याला पाणी लागतच नाही." विकणाऱ्याच्या दृष्टीनं ही शिफारस असते आणि घेणाऱ्यालाही ती पटते. गच्चीवर, बाल्कनीत झाडं लावणाऱ्यांना मोठी धास्ती असते ती गावाला जाण्याची. शेजारी किल्ली द्यायची, पाणी घालायची विनंती करायची आणि परत आल्यावर वाळलेली जास्वंद बघायची. त्यापेक्षा हे झाड बरं. बुंधा गलेलठ्ठ, वर गुलाबी फुलांचा झुबका, आणि मागणं काहीच नाही.

वाक्य निम्मं खरं आहे. पण उरलेल्या निम्म्यात झाडाचं नुकसान आहे, आणि तीच समजूत आपण माणसांना लावतो तेव्हा माणसांचंही.

अडेनियम मूळचं आफ्रिकेतलं, सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, आणि अरबस्तानातलं. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावर त्याचे भाऊबंद खडकांच्या फटींतून प्रचंड बुंधे घेऊन उभे असतात. युरोपच्या ग्रंथांत त्याची नोंद गेली ती एका दुर्दैवी मोहिमेमुळे. डेन्मार्कच्या राजानं १७६१ मध्ये काही अभ्यासक अरबस्तानात पाठवले. त्यांतला वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य. १७६३ मध्ये येमेनमध्येच हिवतापानं तो गेला, वयाच्या ३१व्या वर्षी. त्या मंडळींपैकी मायदेशी परतला तो एकटा कार्स्टन नीबूर. तो येमेनहून मुंबईला आला, वर्षभराहून अधिक काळ भारतात राहिला, घारापुरीची लेणी पाहून त्यानं त्यांची रेखाटनंही केली. पुढे १७७५ मध्ये त्यानं आपल्या गेलेल्या सोबत्याच्या वनस्पतींच्या नोंदी छापून प्रसिद्ध केल्या. त्यांत हे झाड आहे. फोर्स्कोलनं त्याला कण्हेरीच्या घरात बसवलं होतं आणि 'लठ्ठ' असं विशेषण दिलं होतं. आज त्याचं घर वेगळं मानतात, पण कूळ तेच. कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली ही सगळी त्याची नातलग.

या लठ्ठपणातच झाडाचं सगळं गणित आहे. बुंध्याचा आणि मुळांचा तो फुगलेला भाग म्हणजे झाडाचा रांजण. पाऊस पडतो त्या थोड्या दिवसांत झाड पोटभर पाणी पितं आणि तिथे साठवतं. कोरडे महिने सुरू झाले की पानं टाकतं, कारण पाणी सर्वांत जास्त उडून जातं ते पानांतून. मग वाढ थांबवायची, साठवलेल्या पाण्यावर दिवस काढायचे आणि पुढच्या पावसाची वाट बघायची. म्हणजे याला पाणी लागत नाही असं नाही. आधी प्यायलेलं पाणी ते पुरवून पुरवून वापरतं, एवढंच. टंचाईत ते मरत नाही हे खरं, पण टंचाई त्याला आवडते असं त्यानं कधीच सांगितलेलं नाही.

घराघरांतली अडेनियम बघितली की हा फरक लक्षात येतो. भर मे महिन्यात आठवड्याला पेलाभर पाण्यावर ठेवलेलं झाड जिवंत असतं. फांद्यांच्या टोकाला चार पानं, बुंध्यावर सुरकुत्या, कळी एखादी आणि तीही न उमलता गळणारी. मालक मात्र पाहुण्यांना कौतुकानं सांगत असतो, "बघा, मरत नाही." त्याच जातीचं झाड दुसऱ्या गच्चीवर फुलांनी लवलेलं असतं. तिथल्या बाईंनी जादू काही केलेली नसते. निदान सहा तास कडक ऊन, फेब्रुवारी-मार्चमध्ये हलकी छाटणी, थोडं खत, आणि फुटवे येऊ लागले की कुंडीच्या खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरपूर पाणी. मग वरची माती कोरडी झाली की पुन्हा तसंच. उन्हाळा हा त्याच्या वाढीचा, फुलण्याचा काळ. वाळवंटातलं झाड म्हणून नेमकं याच दिवसांत आपण त्याला उपाशी ठेवतो.

याच्या उलटही घडतं. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणच्या धारेत, हे झाड उघड्यावर राहिलं तर काही दिवसांत आतून कुजतं. म्हणून त्याच्या कुंडीत माती कमी, जाडसर वाळू आणि विटांचे बारीक तुकडे जास्त, सोबत थोडं गांडूळखत, असं मिश्रण भरतात; पाणी थांबता कामा नये. जुलैत त्याला छपराखाली, पण उजेडात सरकवतात. थंडीत पानं गळाली की नवखा माणूस घाबरून पाण्याचा मारा करतो. झाड त्या वेळी विसावलेलं असतं, त्याला पाणी पचत नाही. कुंडी बदलताना झाड थोडं वर उचलून लावतात, म्हणजे मुळांचा जाड भाग मातीबाहेर दिसू लागतो. तेव्हाही छाटलेल्या मुळांच्या जखमा सुकू देतात आणि मगच पाणी घालतात. आवरता हात हवा असे हे दिवस आहेत, आणि सैल हात हवा असे ते.

यात एक गंमत आहे. तहानलेल्या अडेनियमचा बुंधा दाबला तर मऊ लागतो आणि कुजू लागलेल्याचाही मऊच लागतो. एकाला तातडीनं पाणी हवं असतं, दुसऱ्याला पाणी म्हणजे मरण. नुसत्या बुंध्यावरून उलगडा होत नाही. मातीत बोट खुपसून बघावं लागतं. माती कोरडी ठणठणीत आणि बुंध्यावर सुरकुत्या, तर तहान. माती ओली आणि बुंधा लिबलिबीत, तर कूज. नियम पाठ करून हे झाड सांभाळता येत नाही. जवळ जाऊन, वाकून, हात लावून बघावं लागतं. आणि नेमकं तेच आपण टाळतो, कारण 'याला काही लागत नाही' म्हणूनच तर ते घरी आणलेलं असतं.

तग धरण्याची ताकद ही आपण आवड समजतो. कोरडवाहू शेतकरी ही चूक करत नाही. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलाव्यावर येते, तिला बागायती पिकासारखं सारखं पाणी द्यावं लागत नाही. पण पीक पोटरीत असताना किंवा दाणा भरताना विहिरीत थोडं पाणी असलं, तर शेतकरी ते ज्वारीकडे वळवतो. त्याला संरक्षित पाणी म्हणतात. ज्वारी त्याच्याशिवायही उभी राहिली असती, हे त्याला ठाऊक असतं. पण उभं राहणं आणि दाण्यानं भरणं यांतला फरकही ठाऊक असतो. कमी पाण्यावर येणाऱ्या पिकाकडे तो दुर्लक्ष करत नाही. त्याच्यावर वेळ बघून पाणी खर्च करतो.

घरात आणि कामाच्या ठिकाणी हा शहाणपणा आपल्याला सुचत नाही. प्रत्येक कुटुंबात एक जण असतो ज्याचं काही म्हणणं नसतं. दोन मुलांपैकी हट्टी मुलाला वेळ मिळतो, समजूतदार मुलाला शाबासकी. 'तिचं काही नसतं हो, ती सगळं निभावून नेते,' असं आपण ज्या सुनेबद्दल किंवा वहिनीबद्दल म्हणतो, तिच्याकडे पुढचं कामही सरकवून मोकळे होतो. वडील फोनवर 'आम्ही मजेत आहोत, तुम्ही तुमचं बघा' म्हणतात आणि आपल्याला हायसं वाटतं. कचेरीत जो कुरकुर न करता काम उरकतो, त्याच्या टेबलावर आणखी एक फाईल येते. तक्रार करणाऱ्याची सोय आधी होते. सोसणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी सोसायला मिळतं. वर त्याचं कौतुक असं होतं, की त्यानंतर काही मागायला त्याची जीभच रेटू नये.

यावर कुणी म्हणेल, मग अशा माणसांभोवती सतत घुटमळायचं का? त्यांना ते आवडणारही नाही. बरोबर आहे. अडेनियमला कीव नको असते. ते दुबळं नाही. त्याचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांची टोकं त्यात बुडवत आले आहेत. म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत, लहान मुलं आणि पाळीव जनावरं त्याच्यापासून लांब ठेवावीत. स्वतःचं रक्षण कसं करायचं हे त्याला कळतं, आणि पावसाळ्यातली अखंड ओल त्याला मारते हेही आपण बघितलं. न मागणाऱ्या माणसाचंही तसंच. वडिलांनी 'काही नको' म्हटल्यावर दर तासाला फोन करून त्यांना भंडावून सोडलं, तर तेही पाणी त्यांना पचणार नाही. त्यांना हवी असते ती वेळेवरची एक भरघोस दखल. दवाखान्याच्या तारखेला सोबत जाणं. परीक्षेच्या आधी समजूतदार मुलाच्या शेजारी निवांत बसणं. चार दिवस स्वयंपाकघराची जबाबदारी खरोखर आपल्या अंगावर घेणं, तेही 'हळद कुठे आहे' असं दर पाच मिनिटांनी न विचारता.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. या झाडाची सोसण्याची ताकद पाण्यातूनच आलेली असते. दुष्काळात ते ज्याच्या जोरावर टिकतं, तो फुगलेला बुंधा चांगल्या दिवसांत प्यायलेल्या पाण्यानं भरलेला असतो. चांगले दिवसच मिळाले नाहीत तर बुंधा बारीक होत जातो, आणि मग एरवी सहज निभावलेला कोरडा महिनाही त्याला जड जातो. माणसांच्या सोशिकपणालाही आपण उपजत स्वभाव समजतो, कधीही न आटणारा. खरं तर तोही कुणीतरी कधीतरी भरलेला असतो. आजीच्या मायेनं, एखाद्या शिक्षकानं टाकलेल्या विश्वासानं, तरुणपणी मिळालेल्या सोबतीनं. त्या साठ्यावर माणूस वर्षानुवर्षं चालतो, दुसऱ्यांचंही ओढतो. नव्यानं काहीच पडलं नाही तर तो एक दिवस संपतो. मग आपण नवल करतो, की इतका खंबीर माणूस असा एकाएकी कसा खचला. एकाएकी काही झालेलं नसतं. बुंध्यावरच्या सुरकुत्या आधीच दिसत होत्या, आपण जवळ जाऊन बघितलं नव्हतं.

तेव्हा आज एक करावं. ज्याला 'तुला काही हवंय का' असं विचारायची आपल्याला कधी गरजच वाटली नाही, असं आपल्या माणसांतलं एक नाव आठवावं. त्याला विचारावं. उत्तर बहुतेक 'काही नको' असंच येईल, कारण त्याची सवय तशीच झाली आहे. ते उत्तर अखेरचं मानू नये. मातीत बोट घालून बघावं, आणि कोरडी लागली तर हात आखडता घेऊ नये.