भाकीत आणि निवाडा

आपले भविष्य जाणण्याचा हक्क मनुष्यास आहे काय, आणि ते त्याच्यापासून झाकून ठेवण्याचा अधिकार त्याच्या आप्तांस पोहोचतो काय, हा प्रश्न जुना आहे. पूर्वी तो पंचांगाभोवती फिरे. हल्ली तो प्रयोगशाळेच्या अहवालातून घरात येतो.

आमचा एक जुना विद्यार्थी परवा चिंचवडहून आला. त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतात. मांडीत गाठ आली, दुखेना म्हणून काही महिने तशीच राहिली. तुकडा काढून तपासता सार्कोमा, म्हणजे मृदू ऊतींचा कर्करोग, निघाला. अहवालात एक ओळ होती : 'के-आय ६७ : ४० टक्के.' जगण्याची आशा चाळीसच टक्के, असा तिचा अर्थ मुलाने लावला आणि वडिलांपासून कागद लपविला.

वास्तविक तो आकडा आयुष्याचा नव्हे. वाढीस लागलेल्या पेशीच्या केंद्रकात हे प्रथिन असते, विसावलेल्या पेशीत नसते. ते ओळखणारे प्रतिद्रव्य जर्मनीतील संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. कील या नगरावरून त्याचे नाव पडले. डॉ. वसंत रामजी खानोलकर प्रभृतींच्या पिढीने पेशीचे रूप व विभाजन सूक्ष्मदर्शकातून पाहून निदान केले. आज त्या पाहण्यास या तपकिरी रंगाची जोड मिळाली आहे. शंभर पेशींत चाळीस रंगल्या, एवढेच ती ओळ सांगते. सार्कोमात हे प्रमाण अधिक असता रोग पसरण्याचा धोका सामान्यतः अधिक, हे खरे. परंतु सार्कोमाचे पन्नासांहून अधिक प्रकार आहेत. गाठीचा आकार, खोली, प्रतवारी आणि शस्त्रक्रियेत ती समूळ निघाली की नाही, यांचाही विचार करावा लागतो. एकच काचपट्टी दोन तज्ज्ञांनी मोजली तरी आकडे जुळतीलच असे नाही.

येथे कोणी म्हणेल, आकडा इतका संदिग्ध असेल तर तो लपविलेलाच बरा. आम्हांस हे मान्य नाही. अनेकांच्या अनुभवावरून एकाविषयी केलेले अनुमान हे भाकीत होय, निवाडा नव्हे. मुलाने भाकिताचा निवाडा केला आणि आरोपीस न ऐकविताच तो दिला! ज्याच्या देहावर उपचार व्हावयाचे, त्याची संमती अंधारात कशी घ्यावी?

आम्ही त्यास एवढेच सुचविले, की डॉक्टरांच्या समक्ष वडिलांस सर्व सांगावे. त्याने तसे केले. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "अरे, नमुना वाईट निघाला तर आम्ही आधी यंत्र तपासतो, माल टाकायचा की नाही ते मागून. आता काय करायचे ते डॉक्टरांना विचार."

भाकिताचा धर्म हाच. पुढे काय होणार हे सांगून ते संपत नाही. आज काय करावे हे ठरविण्यास ते साह्य करते, आणि ते ठरविण्यात ज्याचे आयुष्य त्याचा शब्द पहिला असला पाहिजे. शस्त्रक्रियेची तारीख वडिलांनी स्वतःच नक्की केली आहे.