वाटेत वळलेले जहाज

मे महिन्यात आपल्या भागात पाण्याचा टँकर मागवण्याची वेळ अनेकांवर येते. समजा, एका चाळीने टँकरवाल्याशी आधीच बोलून ठेवले आहे. हजार रुपये भाव ठरला आहे, बायका हंडे-कळशा घेऊन उभ्या आहेत. टँकर निघतो, पण नाक्यावरच्या मोठ्या सोसायटीतला एक जण त्याला थांबवतो आणि तीन हजार देऊ करतो. टँकर वळतो. चाळकरी जाब विचारायला गेले की टँकरवाला म्हणतो, "बोली मोडली तर तीनशे रुपये दंड ठरला होता ना? हे घ्या तीनशे."

चूक कोणाची? टँकरवाल्याची, असे आपण पटकन म्हणू. पण सोसायटीतल्या माणसाचे काय? त्याच्याही घरातला नळ कोरडा आहे, घरात म्हातारी आई आहे. त्याने चोरी केली नाही, रोख पैसे मोजून पाणी घेतले. चाळीशी त्याचे वैर नाही, चाळीत कोण राहते हेही त्याला ठाऊक नाही.

2022 साली जगाच्या समुद्रावर हेच घडले. तो प्रसंग लांबचा असला तरी त्यातला प्रश्न आपल्या ओट्यावरचा आहे, म्हणून आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

नैसर्गिक वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि तो सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. मग तो जहाजात भरून कुठेही नेता येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळला असा वायू उतरवण्याचा धक्का आहे. या वायूवर वीज तयार होते, युरिया खत तयार होते, आपल्या रिक्षा धावतात. विक्री दोन प्रकारे होते. एक म्हणजे दहा-वीस वर्षांचा करार, ज्यात भाव ठरवण्याची रीत आधीच लिहिलेली असते. दुसरी म्हणजे हजर बाजार, जिथे त्या दिवशी जो जास्त देईल त्याचा माल. पाइपाने येणारा वायू दिशा बदलू शकत नाही, जहाज मात्र भर समुद्रातही वळू शकते.

24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर मोठा हल्ला केला. त्याआधीच्या वर्षी युरोपीय संघ बाहेरून जो वायू घेत होता, त्यातला 45 टक्क्यांच्या आसपास रशियाचा होता. उन्हाळ्यात रशियाने बाल्टिक समुद्राखालच्या पाइपातून येणारा पुरवठा टप्प्याटप्प्याने कमी केला आणि सप्टेंबरपासून तो पूर्ण थांबला. समोर हिवाळा होता. युरोपातली सरकारे आणि कंपन्या मिळेल त्या भावाने जहाजे घेऊ लागल्या. मे 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, आशियाच्या हजर बाजारात ज्या मापाला सुमारे 2 डॉलर पडत होते, त्याच मापाला ऑगस्ट 2022 मध्ये 70 डॉलरच्या आसपास भाव गेला. त्या वर्षी युरोपने जहाजाने आणलेला वायू आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 60 टक्क्यांनी वाढला. जगात इतका नवा वायू एका वर्षात काही निघाला नव्हता. तो कोणाच्या तरी वाट्यातून गेला.

त्यात एक वाटा पाकिस्तानचा होता. (नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. पण दिवा विझल्यावर होणारा अंधार सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो.) पाकिस्तानने परदेशी कंपन्यांशी काही वर्षांचे करार केले होते. भाव चढू लागल्यावर, 2021 आणि 2022 मध्ये, त्यातल्या काहींनी ठरलेली जहाजे पाठवलीच नाहीत. करारात दंड होता, पण ठरलेल्या किमतीच्या काही टक्के एवढाच. आणि हजर बाजारात भाव तर कित्येक पटींनी वर गेलेला. एका कंपनीने असेही सांगितले की आपल्यालाच पुढून माल मिळाला नाही, आपला यात काही फायदा झाला नाही. ते खरे असेल तर करार तिच्याही मागे कोणी तरी मोडला होता.

मग पाकिस्तान हजर बाजारात उतरला. जून 2022 मध्ये एका निविदेला एकच बोली आली, तीही 40 डॉलरच्या जवळची. ती परवडली नाही म्हणून नाकारावी लागली. जुलैमध्ये दहा जहाजांसाठी, सुमारे एक अब्ज डॉलरची निविदा काढली, तिला एकही बोली आली नाही. पैसे देऊ म्हणणाऱ्यालाही विकणारा सापडला नाही. पंजाबातल्या कापडगिरण्यांचा गॅस जुलैच्या सुरुवातीला काही दिवस बंद करण्यात आला, बाजारपेठा रात्री लवकर बंद करण्याचे हुकूम निघाले, गावोगावी दिवसातले बरेच तास वीज नव्हती. बांगलादेशाने त्याच जुलैत हजर बाजारातली खरेदी थांबवली आणि ठरवून वीजकपात सुरू केली.

पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांचे यात काही चुकले नाही असे आम्हांला म्हणायचे नाही. भाव मातीमोल होते तेव्हा लांब मुदतीचे करार का केले नाहीत, असे तिथल्याच लोकांनी विचारले. पण राज्यकर्त्यांच्या चुकीची भरपाई गिरणीतल्या कामगाराने पगार बुडवून करावी, यात न्याय दिसत नाही.

आपल्यालाही याची झळ लागली. आपल्या सरकारी 'गेल' कंपनीचा 2012 सालापासून एका रशियन कंपनीच्या सिंगापूरच्या शाखेशी वीस वर्षांचा करार होता. युद्ध सुरू झाल्यावर ती शाखा जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि 2022 मध्येच तिने भारताकडे जहाजे पाठवणे थांबवले. 'गेल'ला खत कारखान्यांचा आणि इतर ग्राहकांचा पुरवठा कमी करावा लागला. पुढे लंडनच्या लवादापुढे प्रकरण गेले आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. भारताकडे वकील होते, पैसा होता, वजन होते, म्हणून निदान भरपाई तरी मिळाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याला जास्त देता येते त्याने घेतले, तर त्यात पाप आहे का?

प्रश्न जुना आहे. रोमन विचारवंत सिसेरोने एक उदाहरण दिले आहे. रोड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना ठाऊक नाही. त्याने सांगावे की गप्प बसून चढ्या भावाने विकावे? सिसेरोचे मत, सांगावे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच प्रश्न घेतला. त्यांचे उत्तर पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. बाजारात जो भाव चालू आहे त्या भावाने त्या व्यापाऱ्याने विकले तर तो न्यायाविरुद्ध वागला असे म्हणता येत नाही, असे ते म्हणतात. मात्र त्याने सांगून टाकले किंवा भाव उतरवला तर ते अधिक सद्गुणाचे ठरेल. म्हणजे 'चढा भाव घेतला की तो पापी' इतके सोपे उत्तर चर्चच्या या थोर शिक्षकानेही दिलेले नाही. आपल्यातले जे वाडीतली भाजी आणि फुले बाजारात नेतात, त्यांना हे ऐकून बरे वाटेल. गणपतीत आणि दिवाळीत फुलांचा भाव चढतो तेव्हा तेही चढ्या भावाने विकतात आणि पावसाने पीक झोडपले की तोटाही तेच सोसतात.

पण संत थॉमस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. विकणाऱ्याचे स्वतःचे काही नुकसान होत नसताना, केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून त्याने भाव वाढवू नये. कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही, आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. 2022 साली 2 डॉलरचे 70 झाले तेव्हा वायू जमिनीतून काढण्याचा आणि थंड करण्याचा खर्च काही पस्तीसपट झाला नव्हता. वरचे सगळे पैसे हिवाळ्याच्या भीतीचे होते.

आणि सिसेरो काय, संत थॉमस काय, दोघेही बंदरात पोहोचलेल्या जहाजाविषयी बोलत होते. शब्द दिलेल्या बंदराकडे न जाता वाटेतून वळणारे जहाज त्यांच्या उदाहरणात नाही. इथे प्रश्न भावाचा राहत नाही, दिलेल्या शब्दाचा होतो. दंड भरला की शब्द मोडण्याचा परवाना मिळतो, असे मानणाऱ्या करारात दंड ही जणू शब्दाची विक्रीची किंमत होते. आमच्या मते त्या वर्षातला उघड अन्याय इथे आहे आणि तो कायद्याच्या चौकटीत बसवून केला गेला.

युरोपच्या सरकारांचे काय? आपल्या लोकांना थंडीत कुडकुडू न देणे हे त्यांचे कर्तव्यच होते. घरातल्या लेकराला आधी वाढणाऱ्या आईला कोणी स्वार्थी म्हणत नाही. आपल्या देशानेही तेच केले. युद्धाआधी भारत रशियाकडून नगण्य तेल घेत असे. नंतर सवलतीत मिळू लागले तेव्हा ते भरपूर घेतले. ऑगस्ट 2022 मध्ये युक्रेनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या तेलाच्या प्रत्येक पिंपात युक्रेनी रक्त असल्याचा आरोप केला. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी युरोप रशियाकडून अजून किती वायू घेतो त्याकडे बोट दाखवले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणूनच त्या वादातून काही निष्पन्न झाले नाही.

आपल्या माणसांना आधी, हे मान्य. प्रश्न त्यानंतरचा आहे: ज्याच्या ताटातून उचलले त्याचे आपण काही देणे लागतो का? ऑक्टोबर 2022 मध्ये युरोपीय संघाने एक चांगला नियम केला. तेल, वायू आणि कोळशाच्या धंद्यातल्या कंपन्यांना नेहमीपेक्षा जो अवाच्या सवा नफा झाला, त्यावर किमान 33 टक्के आकारणी करायची आणि तो पैसा वाढलेल्या बिलांनी पिचलेल्या कुटुंबांसाठी आणि उद्योगांसाठी वापरायचा. त्या आकारणीचे नाव होते 'एकात्मता योगदान'. हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1987 सालच्या आपल्या परिपत्रकात एकात्मतेविषयी विस्ताराने लिहिले आणि ती राष्ट्राराष्ट्रांमध्येही हवी असा आग्रह धरला. या नियमातली एकात्मता मात्र संघाच्या सीमेपाशी थांबली. कराची किंवा ढाक्याच्या नावे त्यात काही नव्हते. संकटात वायू अधिक भावाने घेतल्याबद्दल आम्ही युरोपला दोष देणार नाही. त्या नफ्यातला एक वाटा अंधारात बसलेल्यांसाठी काढता आला असता आणि तो काढला गेला नाही, हा दोष मात्र आम्ही देतो.

पाकिस्तानने त्यातून आपापला धडा घेतला. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केले की वायूवर चालणारी नवी वीजकेंद्रे बांधणार नाही, देशातल्या कोळशावरची वीज चौपट करू. ज्या देशांनी वायू ओढून नेला, तेच कोळसा सोडण्याचा उपदेश करीत होते. लोकांनी मात्र सरकारची वाट पाहिली नाही. ज्यांना जमले त्यांनी छपरांवर सौर पॅनेल बसवले. 2024 या एका वर्षात पाकिस्तानने सुमारे 17 गिगावॉटची पॅनेल आयात केली. विजेची मागणी इतकी उतरली की पुढे कतारहून ठरलेली काही जहाजे पुढे ढकलण्याची विनंती करावी लागली. आणि पॅनेलवाले बाजूला झाल्यावर वीजकेंद्रांचा ठरलेला खर्च उरलेल्या ग्राहकांच्या बिलात येऊ लागला. त्यात भाड्याच्या खोलीत राहणारे पुष्कळ आहेत, ज्यांना स्वतःचे छप्परच नाही.