उसनी साक्ष

उसने देणे-घेणे हा आपल्या गावगाड्याचा जुना धर्म आहे. घरातील साखर संपली की वाटी शेजारी जाते. पाहुणे वाढले की शेजारची गादी आपल्या ओसरीवर येते. आमच्या शेवगावच्या बाजूला ज्याच्या दावणीला एकच बैल असे, तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी सावड करी आणि दोघांचीही शेते वेळेवर पेरली जात. एक वस्तू चार जणांच्या कामी आली तर ती सार्थकी लागली, असे मानणारी आपण माणसे. म्हणूनच एका मोटारीचा फास्टॅग दुसऱ्या मोटारीसाठी वापरण्यात वाईट काय, हा प्रश्न भल्या माणसालाही पडतो.

एका बागायतदार गृहस्थांनी तो मला विचारला. घरात दोन मोटारी आणि एक जीप. फास्टॅग मात्र एकच. तो काचेला न चिकटवता खणात ठेवायचा आणि जी गाडी पुण्याला निघेल तिच्याबरोबर द्यायचा. टोल नाका आला की हातात धरून काचेतून दाखवायचा. "गुरुजी," ते म्हणाले, "पैसे तर आमच्याच खात्यातले गेले. मग आम्ही कुणाचं काय चोरलं?"

नियम काय सांगतो ते उघड आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२४ च्या आरंभी 'एक वाहन, एक फास्टॅग' असा आग्रह धरला. त्याच वर्षीच्या जुलैत, काचेला आतून न चिकटवलेल्या फास्टॅगवर दुप्पट टोल घेण्याच्या सूचना दिल्या; आणि २०२५ च्या जुलैत, असे सुटे फास्टॅग काळ्या यादीत टाकण्याचे ठरविले. पण नियम आहे म्हणून ते वाईट, हे उत्तर नाक्यावर पुरते. मनाला पुरत नाही. कारण जे जे नियमाबाहेर ते ते पाप, असे आपण कोणीच मानत नाही.

तेव्हा आधी ही वस्तू काय आहे ते पाहावे. तिच्यात पैसा नसतो. पैसा बँकेत असतो. त्या पट्टीत विजेची बॅटरीही नसते. नाक्यावरील यंत्राकडून रेडिओलहरी आल्या की तेवढ्यापुरती ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक एका ठरावीक गाडीच्या नोंदणीशी आणि तिच्या प्रकाराशी बांधलेला असतो. म्हणजे तिचे काम एकच: 'ही अमुक गाडी, अमुक वेळी येथून गेली' अशी साक्ष देणे. वाटी उसनी दिली तर ती दुसऱ्याच्या घरीही वाटीच राहते. साक्ष उसनी दिली तर ती खोटी होते. वर्गात हजेरी घेताना गैरहजर मित्रासाठी "हजर" म्हणणारा मुलगा कोणाचे काही चोरत नाही. तरीही त्या क्षणी हजेरीपुस्तकात एक खोटे लिहिले जाते. फरक आहे तो हाच.

आणि खोटी साक्ष निरुपद्रवी वाटली तरी ती कोणावर उलटेल हे सांगता येत नाही. उद्या धाकट्याच्या मोटारीने वाटेत कोणाला धडक दिली आणि ती थांबली नाही, तर नाक्यावरची नोंद थोरल्याच्या मोटारीकडे बोट दाखवील, जी त्या वेळी घरच्या अंगणात उभी असेल. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तर टोल अंतरावर ठरतो. गाडी कोठे आत आली आणि कोठे बाहेर पडली हे फास्टॅगच सांगतो. तेथे पट्टी एका गाडीतून दुसरीत गेली की अंतरही खोटे होते. मोटारीची पट्टी मालमोटारीत गेली तर उघडच लबाडी झाली. आपले गृहस्थ तेथवर जाणार नाहीत; पण त्यांच्या सुट्या पट्टीत आणि त्या लबाडाच्या सुट्या पट्टीत नाक्यावरच्या माणसाने फरक कसा करावा?

याचा एक दाखला इतिहासात आहे. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने इंग्रजांच्या कंपनीला एक फर्मान दिले. वर्षाला तीन हजार रुपये भरावेत आणि बंगालमध्ये जकात न देता व्यापार करावा. कंपनीच्या मालाबरोबर 'दस्तक' नावाचा परवाना असे. तो दाखविला की नाक्यावर माल सुटे. लवकरच कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालासाठी तोच दस्तक दाखवू लागले, आणि पुढे पैसे घेऊन देशी व्यापाऱ्यांनाही देऊ लागले. दस्तक खराच असे. माल मात्र भलत्याचाच. सिराजउद्दौल्याशी झालेल्या वैराचे ते एक कारण ठरले. अखेर १७६३ मध्ये मीर कासीमने त्रासून सर्वांचीच जकात उठविली. ज्यांनी परवाना उसना दिला होता, तेच याविरुद्ध खवळून उठले. लढाई झाली आणि १७६४ मध्ये बक्सरला त्याचा पराभव झाला.

योगायोग असा की, १५ ऑगस्ट २०२५ रोजी खासगी मोटारींसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला, तोही तीन हजार रुपयांचाच: एक वर्ष किंवा दोनशे फेऱ्या, आणि एकाच गाडीसाठी. दोन भावांनी या दोनशे फेऱ्या वाटून घेतल्या, तर कोणाला त्यात बंधुप्रेम दिसेल. मला त्यात दस्तक दिसतो, फार लहान असला तरी. सवलत जोवर एका नावाशी बांधलेली असते तोवरच ती देणाऱ्याला परवडते. ती हातोहात फिरू लागली की रांगेत उभा राहून पूर्ण पैसे भरणारा माणूस मूर्ख ठरतो, आणि प्रामाणिक माणूस मूर्ख ठरू लागला की नियम दिवसेंदिवस अधिक संशयी आणि अधिक कठोर होत जातात. दुप्पट टोल आकाशातून पडत नाही.

गृहस्थांच्या मनातील एकोप्याची भावना मात्र खोटी नव्हती, आणि तिला वाटही आहे. काही बँका एकाच खात्यावर अनेक गाड्यांचे वेगवेगळे फास्टॅग देतात. थैली एक, पट्ट्या तीन. त्या मानाने खर्चही फारसा नाही. एकत्र कुटुंबाचा धर्म याहून निराळा काय आहे? चूल एक असावी, धान्याची कणगी एक असावी; पण ज्याचे कृत्य त्याच्या नावावर असावे.

दिवाळीला भावंडे गाड्या भरून गावाकडे येतात. मागच्या आसनावर मुले असतात, आणि नाक्यावर हात वर करून दाखविलेली ती पट्टी त्यांना स्पष्ट दिसते. ती कोणत्या गाडीची, हेही त्यांना ठाऊक असते. टोल किती वाचला हे ती विसरतील. आपल्या घरात नाव उसने चालते, एवढे मात्र त्यांच्या ध्यानात राहील.