हात, बुद्धी आणि शाळा

शिकागोतील लेन टेक्निकल हायस्कूल ही सार्वजनिक शाळा १९०८ मध्ये मुलांसाठी सुरू झाली. तेथे भाषा-गणिताच्या जोडीला सुतारकाम आणि ओतकामही शिकवले जाई. अशा शाळांमुळे एक जुना तात्त्विक प्रश्न पुन्हा उभा राहिला: पोटापाण्याच्या विद्येला विद्या म्हणावे काय? मजुरीसाठी केलेले काम मनाला हीन बनवते, असे मत अ‍ॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’मध्ये मांडले होते. त्या मताप्रमाणे स्वतंत्र नागरिकाचे शिक्षण वेगळे आणि राबणाऱ्याचे वेगळे.

हीच विभागणी औद्योगिक शिकागोत कायद्याच्या प्रस्तावाच्या रूपाने पुढे आली. शहराच्या शाळांचे माजी अधीक्षक एडविन कूली यांनी व्यापारी मंडळींच्या पाठबळावर व्यावसायिक शाळा स्वतंत्र मंडळाकडे सोपवण्याची योजना मांडली. कामगार संघटना आणि शिक्षक यांनी तिला विरोध केला, आणि ती मंजूर झाली नाही.

तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचाही विरोध होता. १९१५ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. समाजाला लागणारी कौशल्ये कार्यक्षमतेने देणे ही स्नेडन यांची भूमिका होती. ड्यूई यांचा आक्षेप व्यवसाय शिकवण्याला नव्हता. चालू उद्योगव्यवस्थेत बसतील असे कामगार घडवण्याऐवजी, कामामागचे विज्ञान व इतिहास समजून ती व्यवस्था बदलू शकणारी माणसे घडावीत, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणाला स्वतंत्र संघीय निधी दिला, आणि वेगळेपणाला बळ मिळाले.

कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांचे विद्यार्थी असलेले डॉ. आंबेडकर यांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेचे विश्लेषण करताना श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत भेद केला. शाळेलाही तोच निकष लागू पडतो. कामे वेगवेगळी शिकवणे गैर नाही. कोणत्या मुलाने कोणते काम करायचे हे त्याच्या घरावरून आधीच ठरवणे गैर आहे.

लेन शाळा १९३४ मध्ये नव्या इमारतीत गेली, १९७१ मध्ये तेथे मुलींना प्रवेश मिळाला, आणि पुढे ती महाविद्यालयाची तयारी करून घेणारी, निवडक प्रवेशाची शाळा बनली. कारखान्याकडे नेणारी वाट विद्यापीठाकडे वळली. त्यामुळे शाळेची प्रतिष्ठा वाढली, पण हाताच्या कामाची वाढली असे त्यावरून म्हणता येत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आखलेली रेषा पुसायची, तर कारागिरीला बुद्धीच्या शिक्षणाचा भाग मानावे लागते. कारागिराच्या मुलाला कारागिरीतून सोडवले, तेवढ्याने भागत नाही.