वरचा हात, खालचा हात

रमजानचा शेवटचा अशरा आला की आपल्या मोहल्ल्यांतून जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेचे अडीच टक्के काढायचे, ते पाकिटांत भरायचे आणि दारी येणाऱ्यांच्या हाती ठेवायचे. देणारा फर्जमधून मोकळा होतो, घेणाऱ्याची ईद गोड होते, आणि पुढच्या रमजानला तीच विधवा, तोच हातगाडीवाला पुन्हा त्याच दारात उभा असतो. आपल्याला याची इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकते आहे असेही वाटत नाही. देणे पुण्याचे खरेच. पण वर्षानुवर्षे एकाच माणसाला घेणारा म्हणून राखून ठेवणे, यालाही पुण्य म्हणायचे काय?

वरचा हात खालच्या हातापेक्षा चांगला, ही हदीस आपण वारंवार ऐकतो. तिचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावला: देणारे आपण, म्हणून चांगले आपण. अबू दाऊद यांच्या संग्रहातला तो अन्सारी मात्र आपल्याला फारसा आठवत नाही. तो प्रेषितांकडे (स.) मागायला आला होता. घरात काय आहे, असे त्याला विचारण्यात आले. एक जाडेभरडे कापड होते, अर्धे अंथरायचे नि अर्धे पांघरायचे. आणि पाणी प्यायचा एक वाडगा. प्रेषितांनी त्या दोन वस्तूंचा तिथेच लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी पोचवायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि लाकडे तोडून विक, पंधरा दिवस इकडे फिरकू नकोस, असे बजावले. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

या हकिकतीतले भांडवल त्या माणसाचेच होते, याकडे आपले लक्ष जात नाही. खैरात कोणीच केली नाही. त्याच्या घरात काय आहे हे विचारले गेले. आपण मात्र त्याच्या घरात काय नाही, एवढेच विचारतो.

फिकहच्या ग्रंथांतही हा विचार आहे. हनफी मताप्रमाणे जकात अदा होण्यासाठी घेणारा त्या रकमेचा मालक व्हावा लागतो. म्हणजे तिचे काय करायचे हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच. कोकणातले आपले मुसलमान शाफई आहेत. त्या परंपरेचे तेराव्या शतकातले मोठे पंडित इमाम नववी लिहून गेले आहेत की कारागिराला त्याची हत्यारे घेता येतील इतके द्यावे, व्यापाऱ्याला धंदा उभा राहील इतके. दापोली-श्रीवर्धनच्या मशिदींतून नमाजचे बारकावे नववींच्या मजहबप्रमाणे पाळले जातात, पण जकातीतले त्यांचे हे म्हणणे मागे पडले. पन्नास घरांना पाचपाचशे वाटणे सोपे असते. एका घराला शिलाई मशीन देण्यासाठी त्या घरात जाऊन बसावे लागते.

घरात जाऊन बसण्याचे काम कसे चालते, याचे एक उदाहरण कराचीचे आहे. डॉ. अख्तर हमीद खान यांचा जन्म 1914चा, आग्र्याचा. ते आय. सी. एस. झाले. 1943चा बंगालचा दुष्काळ त्यांनी सरकारी अधिकारी म्हणून पाहिला, 1945 साली नोकरी सोडली आणि अलीगढजवळच्या एका खेड्यात मजुरी आणि कुलपे दुरुस्त करण्याचे काम करून पाहिले. पुढे 1959पासून पूर्व पाकिस्तानातल्या कोमिला येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. त्या संस्थांवर सधन शेतकरी कसे चढून बसले, हे त्यांनी स्वतःच नंतर मोकळेपणाने सांगितले. (आपल्याकडच्या सहकाराची कहाणी ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटू नये.)

1980 साली, वयाच्या पासष्टीनंतर, ते कराचीतल्या ओरंगी या अफाट वस्तीत आले. फाळणीनंतरचे निर्वासित, 1971नंतर बांगलादेशातून आलेले बिहारी, पठाण, सगळ्यांची ती वस्ती. गल्ल्यांतून उघडी गटारे वाहत. सरकारने गटारे फुकट बांधून द्यावीत, असे लोकांचे म्हणणे. सरकार येत नव्हते. खानसाहेबांनी पैसे देण्याचे नाकारले. वीस-तीस घरांची एक गल्ली, तिने आपला प्रमुख आपण निवडायचा, वर्गणी आपणच जमवायची, खणायचे आपणच. संस्थेने मोजमाप, नकाशा, साचे, अवजारे आणि सल्ला एवढेच दिले. ठेकेदार वगळला, रचना सोपी केली, तेव्हा एका घराचा खर्च सुरुवातीच्या काळात हजार रुपयांच्या आसपास आला. गल्लीमागून गल्ली हे काम पसरत गेले आणि पुढच्या काही दशकांत लाखाच्या घरात कुटुंबांनी आपली गटारे आपण घातली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो आम्हाला हलका वाटत नाही. क्लिफ्टनच्या बंगल्यांचे मैलापाणी सरकारी खर्चाने वाहून जावे आणि ओरंगीच्या विणकराने आपले गटार वर्गणी काढून खणावे, हा कुठला न्याय? स्वावलंबनाचे धडे नेहमी गरिबालाच का द्यायचे? मुंबईत मलबार हिल आणि गोवंडीच्या बाबतीत हाच प्रश्न विचारता येईल. ओरंगीने यावर आपली वाटणी केली: घरातला संडास, गल्लीतले गटार आणि त्याला जोडणारा छोटा नाला लोकांचा, मोठे नाले आणि शुद्धीकरण सरकारचे. लोकांनी आपला वाटा पुरा केल्यावर सरकारपुढे ते याचक म्हणून उभे राहिले नाहीत. पुढे वास्तुविशारद परवीन रहमान यांनी कराचीच्या कडेच्या गावठाणांचे नकाशे करून घेतले. नकाशा हाती आला की जमिनीवरचा हक्क मागता येतो. जमीन बळकावणाऱ्यांना हे मानवणारे नव्हते. 13 मार्च 2013 रोजी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गटारे खणून देणाऱ्या संस्थेला कोणी शत्रू मानत नाही. शत्रुत्व नकाशाशी होते.

कर्ज दिले म्हणजे माणूस उभा राहिला, असेही नाही. 1976 साली चितगावजवळच्या जोबरा गावात मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून अवघे 27 डॉलर दिले, त्यातून ग्रामीण बँक आणि 2006चे नोबेल आले. त्याच वाटेने निघालेल्या नफेखोर कंपन्यांनी आंध्र प्रदेशात बायकांच्या गटाला एकमेकींच्या दारात वसुलीला बसवले. आत्महत्या झाल्या आणि 2010 साली राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. लाहोरच्या अखुवतने 2001 साली दहा हजार रुपयांच्या बिनव्याजी कर्जाने वेगळी सुरुवात केली. ती कर्जे मशिदीत बसून देते, चर्चमध्येही देते. बिनव्याजी आहे म्हणून ते आपल्याला जवळचे वाटते. पण आमच्या मते व्याज हा अर्धाच प्रश्न आहे. कुऱ्हाड घ्यायची की शिलाई मशीन, हप्ता किती आणि कधी, हे कोण ठरवतो, हा उरलेला अर्धा.

ओरंगीत गल्लीचा प्रमुख गल्लीने निवडला होता. आपल्या जमातींच्या बैतुलमालच्या समित्यांत कोण बसतात? व्यापारी, निवृत्त मास्तर, एखादे डॉक्टर, इमामसाहेब. सगळे देणारे आणि सगळे पुरुष. ज्या विड्या वळणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या बायकांच्या नावाने पाकिटे निघतात, त्यांपैकी एकीलाही आम्ही अजून त्या सतरंजीवर बसलेली पाहिलेली नाही. कोणत्या घरातली मुलगी फीपायी शाळा सोडते आहे, कोणाचा माग बंद पडला आहे, कोण लाजेने मागत नाही, हे समितीला चौकशी करून कळते. त्या बायकांना ते ठाऊकच असते. येत्या शाबानमध्ये, पाकिटे भरण्यापूर्वी, त्यांच्यातल्या दोघींना बैठकीचे बोलावणे धाडायला कोणत्याही मजहबची आडकाठी असल्याचे आमच्या वाचनात नाही.